गेणबाला उठवायचं कुणी

माझ्या नातीला, स्वरूपाला, जुळ्या मुली झाल्या ते वर्ष दोन हजार चोवीस. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दोघींचा बाप्तिस्मा ठेवला होता. डोक्यावर पाणी पडलं तरी एक पोरगी झोपूनच राहिली, आणि दुसरीनं असा गळा काढला की नव्या पाळकसाहेबांना प्रार्थना दोनदा सुरू करावी लागली.

पाळकसाहेब म्हणजे रेव्हरंड डॉक्टर ऋषिराज. ते बारामतीला राहायचे आणि रविवारी गाडी घेऊन आमच्या चर्चच्या मंडळीत यायचे. ते धर्मशास्त्राचे डॉक्टर होते. हे कळायला गावाला महिना लागला आणि तोवर तिघांनी त्यांना आपले गुडघे दाखवलेही होते. माणूस स्वभावानं चांगला. फक्त कुणी साधं काही विचारलं की ते डोळे मिटायचे, आणि उघडायचे तेव्हा त्या गोष्टीचा प्रश्न झालेला असायचा.

जेवायला मांडवात शकुबाई त्यांच्या शेजारी बसली. शकुबाई माझी चुलत भावजय, वय ऐंशीच्या पुढंमागं. तिचा नवरा गेणबा उजनीचं पाणी यायच्या आदल्या वर्षी वारला आणि जुन्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला माती दिली. खड्डा आम्ही चौघांनी खणला होता. त्या चौघांतला मीच काय तो उरलोय. मग पाणी आलं. गाव उठून भिगवणच्या अलीकडं नव्या गावठाणात आलं. माणसं आली, घरांवरचे पत्रे आले, चर्चची घंटा बैलगाडीतून आली. मेलेले तेवढे खाली राहिले, कारण पुनर्वसनाच्या यादीत त्यांचं नाव लावायला कुणी गेलं नाही. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की ती दफनभूमी चार-सहा आठवडे उघडी पडते आणि धरण भरलं की परत बुडते.

शकुबाईला बारामतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की काळीज मोठं झालंय, दिवाळी दिसायची नाही. ती हे सगळ्यांना सांगायची, जशी बाई लेकीचं लग्न ठरल्याचं सांगते. त्या दिवशी तिनं पाळकसाहेबांनाही सांगितलं आणि वर म्हणाली की मला नव्या दफनभूमीत ठेवू नका, खाली गेणबाच्या शेजारी ठेवा.

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. हरवलेल्या गावाची ओढ, मातीची आठवण, असं काहीतरी ते म्हणाले. शकुबाई म्हणाली, गाव बुडालं ते एका परीनं बरंच झालं, तिथं प्यायच्या पाण्यासाठी अर्धा कोस चालावं लागायचं.

"मग आजी, तिथंच का?"

"ह्यो बहिरा हाय साहेब," शकुबाई म्हणाली. "दोनी कानांनी. लगीन झालं तवापासनं रोज पहाटं मी हलवायची तवा उठायचा. आता शेवटल्या दिशी देवाचा कर्णा वाजंल. समदी मेलेली उठत्याल, अंगावरची माती झटकून चालाय लागत्याल. आनि ह्यो तसाच निजून ऱ्हाईल. त्याला हलवाय कोन हाय तितं?"

आम्ही जी जुनी माणसं बसलो होतो त्यातलं कुणी हसलं नाही. गेणबाची झोप आम्हाला ठाऊक होती. एकदा शेजारचं छप्पर पेटलं तेव्हा आम्ही त्याला खाटेसकट उचलून बाहेर आणला. बाहेर आल्यावर तो जागा झाला आणि माझी खाट कुणी हलवली म्हणून आमच्यावरच रागावला.

साहेबांनी डोळे मिटले. उघडल्यावर त्यांनी समजावलं की कर्णा हे रूपक आहे. रूपक म्हणजे काय, असं शकुबाईनं विचारलं. ते म्हणाले, एक गोष्ट सांगायची आणि त्यातून दुसरी सुचवायची. "मग ह्यातून दुसरी कंची?" असं तिनं विचारल्यावर साहेबांनी बराच विचार केला आणि मटणाची आणखी एक फोड घेतली.

मग त्यांना सुचलं. ते म्हणाले की त्या दिवशी देव गेणबाचे कान बरे करील. शकुबाईनं मान हलवली. म्हणाली, करील की, पण उठल्यावर. शास्त्रात आधी उठणं आहे आणि मग बदलणं आहे. उठायच्या आधी तो बहिराच. साहेबांनी खिशातून मोबाईल काढला, त्यात बायबल होतं, ते वर खाली करून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. क्रम तिनं सांगितला तसाच असावा.

पुढच्या रविवारी हा विषय मंडळीच्या कमिटीपुढं आला. दोन तास बैठक चालली आणि ठराव झाला की शकुबाई मे महिन्यात वारल्यास त्यांना जुन्या दफनभूमीत, आणि इतर महिन्यांत वारल्यास नव्या दफनभूमीत ठेवावं. शकुबाईची नात रोहिणी तिला सांभाळत होती. ती लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर जायची. तिनं तो ठराव आजीला वाचून दाखवला. शकुबाई म्हणाली, बघते, जमतंय का.

एवढ्या बोलण्यावरून साहेबांना नवा घोर लागला. त्यांनी मला चर्चच्या पायरीवर बसवून सांगितलं की माणसानं मरणाची वाट पाहणं वेगळं आणि मरणाचा महिना निवडणं वेगळं, दुसऱ्यात नीतिशास्त्राची मोठी अडचण आहे. आजी गोळ्या वेळेवर घेतात ना, हे बघायला त्यांनी मला लावलं. मी जाऊन पाहिलं. ती गोळ्या वेळेवर घेत होती. मे यायला अजून तीन महिने होते.

फेब्रुवारीच्या शेवटी बारामतीत एका हॉलमध्ये साहेबांनी परिसंवाद भरवला. पुण्याहून विद्वान आले. स्टेजवर मोठा बॅनर होता, 'उत्तर-आधुनिक समाज आणि ख्रिस्ती नीतिविचार : मृत्यू, देह, भूमी'. मी तो वाचून संपवला तेव्हा हातातला चहा गार झाला होता. शकुबाईला जीप करून नेलं होतं. तिला पहिल्या रांगेत बसवलं, शाल घातली, हातात नारळ दिला. नारळाचं काय करायचं ते न कळून तिनं तो दिवसभर मांडीवर लहान मुलासारखा धरून ठेवला.

पहिले वक्ते म्हणाले की माणूस म्हणजे देह नव्हे, म्हणून देह कुठं ठेवला हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. त्यांनी दोन जर्मन माणसांचा आणि एका फ्रेंच माणसाचा हवाला दिला. ते तिघंही वारलेत आणि कुठंतरी पुरलेले असतील असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही. दुसऱ्या राजलक्ष्मी मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं की उजनीचं पाणी लाखो लोक पितात, तेव्हा एका व्यक्तीच्या श्रद्धेसाठी त्यात देह ठेवणं हा शेजाऱ्यावरचा अन्याय ठरेल. त्यांचं बोलणं मला पटलं. तिसरा तरुण होता. तो टेबलावर हात आपटून म्हणाला की विस्थापितांनी आपले मेलेले पाण्याखाली ठेवणं हाच खरा प्रतिकार आहे आणि शकुबाई ही आपल्या काळाची प्रवक्ती आहे. सगळ्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. शकुबाईनं पदर सारखा केला.

शेवटी ऋषिराज साहेबांनी आपला निबंध वाचला. तो परदेशातल्या एका परिषदेत वाचायला निवडला गेला होता. त्यात शकुबाई होती, धरण होतं, हरवलेली भूमी होती, ग्रामीण स्त्रीची ईश्वरमीमांसा होती. गेणबाचे कान तेवढे नव्हते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा शकुबाईनं हात वर केला. तिच्याजवळ माईक नेला. तिनं विचारलं, "बहिऱ्या मान्साला कर्ना ऐकू येतो का न्हाय, तेवढं सांगा."

अध्यक्ष म्हणाले की प्रश्न फार मूलगामी आहे, तो आपण पुढच्या सत्रात घेऊ.

पुढचं सत्र जेवणाचं होतं. भिगवणहून मासे आणले होते, चिलापी, उजनीचीच. राजलक्ष्मी मॅडमना ती फार आवडली. त्यांनी दोनदा घेतली.

परतताना जीपमध्ये शकुबाई नारळ धरून बाहेर बघत बसली होती. मला वाटलं दमली. मदनवाडीचा फाटा आला तेव्हा म्हणाली की भावजी, ह्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही, मग ह्यांनी एवढा वेळ काय केलं. मी म्हणालो, ती शिकलेली माणसं आहेत, वहिनी. ती म्हणाली, ते दिसलं.

रोहिणी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. दुसऱ्या पाळीला जायचं म्हणून ती घड्याळ बघत होती. ती मागं न बघताच म्हणाली, "आजीला खाली न्यायचं कशाला म्हणते मी. आजोबालाच वर आणा की."

आम्ही कमिटीचे पाचजण, पुण्याचे तिघं आणि एक डॉक्टर, एवढी माणसं महिनाभर ह्यावर बसलो होतो आणि हे कुणालाही सुचलं नव्हतं. शकुबाईनं नारळ माझ्याकडं दिला आणि पुढं वाकून रोहिणीच्या पाठीवरून हात फिरवला.

साहेबांना हे सांगायला मी गेलो. ते खूश होतील अशी माझी कल्पना होती. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला समजावलं की हाडं वर आणली तर मूळ प्रश्नच शिल्लक राहत नाही, विस्थापनाचं दुःख हेच ह्या अनुभवाचं सत्त्व आहे, आणि घाईनं दिलेलं उत्तर कधीकधी प्रश्नावर अन्याय करतं. निबंध छापायला गेला होता. मी शकुबाईला जसंच्या तसं जाऊन सांगितलं. तिनं निरोप दिला, "साहेबांस्नी म्हनावं, दुःख तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मला नवरा द्या."

ह्या निरोपानंतर साहेब दोन रविवार माझ्याशी जरा कमी बोलले. तिसऱ्या रविवारी आपणहून म्हणाले की हाडं वर आणायच्या परवानगीच्या अर्जावर मी सही करतो.

अर्ज घेऊन मी तीनदा तहसील कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, आबा, पाण्याखाली असते तेव्हा ती जमीन धरणाची. उघडी पडल्यावर कुणाची ते बघावं लागंल, आणि बघेपर्यंत पाणी येतं. शिवाय निवडणूक लागली होती, कचेरीतले साहेब लोक त्या कामावर होते. शेवटी सरपंचानंच पत्र दिलं आणि म्हणाला, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, कुणी विचारणार नाही.

त्या साली दुष्काळ होता. पाणी एवढं मागं गेलं की मार्चच्या सुरुवातीलाच दफनभूमी उघडी पडली. आम्ही एप्रिलच्या मध्याला खाली उतरलो तर तिच्यावर मका उभा होता. पाणी हटलं की काठावरची माणसं गाळात पेरतात, तसा पलीकडच्या वाडीतल्या युवराजनं पेरला होता. गुडघ्याच्या वर आलेला हिरवागार मका. युवराज तरणा शेतकरी, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर. खाली माणसं आहेत हे ऐकल्यावर तो बांधावरून पटकन बाजूला झाला आणि पायातली चप्पल काढून हातात घेतली.

"आदी सांगायचं न्हाय व्हय आबा," तो म्हणाला. "मी हितं बसून भाकरी खातोय तीन वर्सं."

मक्याचं नुकसान मी विचारलं तर म्हणाला, कापून म्हशींना घालतो, नाहीतरी चाराच होता. मग शकुबाई कशासाठी एवढं करते ते त्याला सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकलं आणि डोकं खाजवलं. म्हणाला, "म्हंजे तुमच्यात मेल्यावरबी बायको नवऱ्याला पहाटं उठवती. आमच्यात तेवढी तरी सुट्टी हाय."

शकुबाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवून आणलं होतं. ती वरून म्हणाली, "तुला ऐकू येतं बाबा. तुझ्या बायकोला काय काम."

खणायचं ते एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी. साहेब आले होते, पांढरा झगा घडी करून पिशवीत. कोपऱ्यातल्या चिंचेचा बुंधा गाळातून वीतभर वर होता. गेणबा त्या बुंध्यापासून उगवतीला वीस पावलांवर, हे मला पक्कं आठवत होतं. मी वीस पावलं मोजली आणि खूण केली. युवराज आणि आमची दोन पोरं खणायला लागली. कंबरेइतकं गेल्यावर हाडं लागली. आम्ही पोत्यावर सगळी नीट काढून ठेवली, साहेबांनी झगा घातला.

तेवढ्यात शकुबाई म्हणाली की हे झाडाच्या फार जवळ झालं. मातीच्या दिवशी ती झाडाच्या सावलीत बसली होती आणि सावली खड्ड्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून खणणाऱ्यांच्या डोक्याला ऊन लागतंय असं ती तेव्हा बोलली होती. वीस पावलं बरोबर होती, पण ती अठ्ठावीस वर्षांच्या माणसाची होती. आता माझी पावलं बाळाच्या पावलाएवढी पडतात. युवराजला चालायला लावलं. त्याची वीस पावलं माझ्या खुणेच्या आठ हात पुढं गेली. तिथं खणलं. तिथंही हाडं लागली.

दोन पोती शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही पुरुषांची दिसत होती, दोन्ही उंच. त्या काळी आमच्याकडं पेटी कुणाला नसायची, चादरीत गुंडाळून ठेवायचे, आणि चादर केव्हाच विरून गेली होती. गेणबाच्या अंगावर ओळखायला काही नव्हतं. शकुबाईला खाली उतरवलं. तिनं दोन्ही कवट्या एकेक करून मांडीवर घेतल्या, बोटांनी कपाळ चाचपलं. मग म्हणाली, दाढी असती तर कळलं असतं.

एका पोरानं रक्ताच्या तपासणीसारखी काहीतरी तपासणी सुचवली, ती पुण्यात होते म्हणाला, दोन महिने लागतात. शकुबाईला दोन महिन्यांची खात्री नव्हती. सगळ्यांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता मोठं काहीतरी येणार, पण त्यांनी डोळे उघडले आणि साध्या आवाजात म्हणाले की मला माहीत नाही. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

मग त्यांना अडचण दिसली. दुसरा माणूस जो कोणी असेल त्याला त्याच्या जागेवरून हलवायचा आपल्याला हक्क काय, त्याची संमती कुठं आहे, असं ते म्हणाले. ह्या वेळी ते परिसंवादासारखं बोलत नव्हते, खरोखर विचारत होते.

शकुबाईनं दोन्ही पोत्यांकडं पाहिलं. तिचा श्वास वर लागला होता, रोहिणीनं तिला मागून धरलं होतं.

"दोघांस्नी घ्या," ती म्हणाली. "मी उठीन तवा दोघांस्नी हलवीन. त्यातला एक माझा असंल. दुसऱ्याची बायको त्याला हुडकत आली, तर तिला सांगा, माझ्याकडं हाय."

युवराजनं एक पोतं उचललं. दुसरं पोतं पोरं उचलायला गेली तर साहेबांनी त्यांना थांबवलं आणि झग्यासकट आपल्या खांद्यावर घेतलं. गाळात त्यांचा बूट रुतला, तो तिथंच राहिला. वरपर्यंत ते एका बुटावर आले.

नव्या दफनभूमीत कुंपणाच्या कडेला तीन माणसांची जागा धरली होती. दोघांना तिथं ठेवलं, मधे एका माणसाची जागा मोकळी. साहेब प्रार्थना म्हणू लागले आणि नावापाशी अडले. गेणबाचं नाव घेतलं, पुढं काय म्हणावं ते पुस्तकात नव्हतं. त्यांनी शकुबाईकडं पाहिलं.

"नाव देवाला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी नुस्तं म्हना, आनि ह्यो."

साहेब म्हणाले, गेणबा आणि हा. युवराज कुंपणाबाहेर उभा होता, त्यानंही हात जोडले.

साहेबांचा निबंध परदेशात वाचला गेला. तिथल्या लोकांना आवडला म्हणे. त्यात शकुबाई अजून जुन्या गावाकडं तोंड करून पाण्याच्या काठावर बसलेली आहे. छापलेली प्रत त्यांनी मला आणून दिली आणि सांगितलं की शेवट चुकलाय, पण आता बदलता येत नाही. मी ती प्रत ठेवली आहे.

कमिटीनं मे महिन्याचा ठराव रद्द केला नाही, तो वहीत तसाच आहे. मे आला आणि गेला. शकुबाई रोज गोळ्या घ्यायची आणि संध्याकाळी रोहिणीचा हात धरून कुंपणापर्यंत जाऊन यायची. तिथं जाऊन काय करता, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, कंच्या बाजूला वळायचं ते अजून ठरंना, म्हणून दोन्हीकडं हात पोचतो का ते बघून येते.

शकुबाई शुक्रवार, चौदा जून दोन हजार चोवीस रोजी सकाळी सात वाजता घरी वारली. त्याच दिवशी दुपारी तिला त्या दोघांच्या मधे ठेवलं.